गाडीवर आणि घरी

मी सुतार आहे. आजवर इतकी दारं बसवली की मोजायच्या भानगडीत कधी पडलो नाही. त्यांतलं एकच दार असं आहे जे उघडत नाही, आणि ते दुरुस्त करायला मला सक्त मनाई आहे. रंधा हातात घेऊन त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी आरडाओरड होते. धंद्यातली माणसं ते दार ओढून बघतात आणि हसतात. मी म्हणतो, डिझाइन आहे. मग ती आणखी हसतात.

दार माझ्या सासऱ्यांच्या बसमध्ये आहे, तेव्हा आधी सासरे सांगायला हवेत.

सासऱ्यांनी सगळी हयात बस चालवण्यात घालवली. डेपोत त्यांना ‘सावकाश’ म्हणत. हे नाव ठेवलं होतं चिडवायला, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. त्यांच्या बसला सायकलवाले मागे टाकत. ज्यांना कामावर वेळेत पोचायचं असे ते त्यांची गाडी आली की तोंड फिरवत, आणि म्हाताऱ्या बायका मात्र आधीच्या दोन गाड्या सोडून त्यांच्या गाडीसाठी थांबून राहत. या गाडीत उभ्याने केस विंचरता येतात, अशी त्यांची ख्याती होती. ब्रेक लावला हे प्रवाशांना खिडकीबाहेरची झाडं थांबल्यावर कळे.

माणूस उंच, किडकिडीत, मान जरा पुढे काढलेली. मागून कुणी हाक मारली तर सासरे वळत नाहीत. ते वर बघतात. गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर आरसा असतो, त्यात मागची माणसं दिसतात; त्या आरशाची सवय अशी अंगात मुरलेली की आमच्या घरी आले तरी मी मागून बोललो की ते समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, मला शोधतात. तिथे आमचं घड्याळ आहे. माझ्याशी ते बरंचसं बोलले आहेत ते त्या घड्याळाकडे बघून.

लग्नाआधी मी त्यांना भेटायला पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा कळलं, ते गाडीवर आहेत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही गाडीवर. डेपोतल्या माणसांच्या बोलण्यात गाडीवर म्हणजे कामावर. प्रवासी गाडीत असतात, ड्रायव्हर गाडीवर असतो. शेवटी मी कंटाळून त्यांच्याच गाडीचं तिकीट काढलं, पुढे जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे. त्यांनी आरशात मला नीट न्याहाळलं आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, चालकाशी बोलू नये. शेवटच्या थांब्यावर खाली उतरून, चाकांना एकेक लाथ मारून झाल्यावर त्यांनी होकार दिला.

चाकांना लाथ हा त्यांचा नेम. गाडी कुठेही थांबली की उतरायचं, चाकं तपासायची, परत चढायचं.

सासूबाई याच्या अगदी उलट. बुटक्या, चटपटीत, जिभेवर सदैव काहीतरी तयार. त्या शाळांचे गणवेश शिवत. मशीनचा आवाज आणि त्यांचं बोलणं बरोबरीने चाले आणि मशीन आधी दमे. पण ऐकायला कोण होतं? सासरे उजाडायच्या आत जायचे, यायचे ते सगळे झोपल्यावर. कधी मुक्कामाची गाडी असली की यायचेच नाहीत, दूरच्या कुठल्या गावात गाडीतच झोपायचे. सासूबाईंचा संसार म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट. सकाळी ते घासलेलं दिसलं की समजायचं, नवरा येऊन गेला. सुट्टीच्या दिवशी घरी असले तरी हे गप्पच. ती पाटी होती गाडीतली, पण यांनी पाळली घरात, असं सासूबाई म्हणत. अख्ख्या मुलखाला हा माणूस इकडून तिकडे नेतो आणि बायकोला कधी कुठे नेत नाही, हे त्यांचं दुसरं गाऱ्हाणं. त्यावर सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं. नेतो.

माणसं निवृत्त होतात तेव्हा घड्याळ घेऊन घरी येतात. सासरे बस घेऊन आले. त्यांची नेहमीची गाडी त्याच सुमारास भंगारात निघाली होती. ती त्यांनी सोडवून आणली आणि माझ्या वर्कशॉपशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली. सासूबाईंनी तिला बाहेरून एक फेरी मारली. आता घरात महाभारत होणार म्हणून मी आणि बायको श्वास रोखून उभे. पण सासूबाईंनी एवढंच विचारलं, “यात ओटा कुठे येईल?”

त्यांचं गणित सरळ होतं. भाड्याच्या दोन खोल्या सोडायच्या, बसचं घर करायचं आणि हिंडायचं. जग बघायला मिळणार आणि नवराही घरी असणार. या दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी पहिली मान्य केली, असं माझी बायको म्हणते, आणि आईच्या बाबतीत तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

मी कामाला लागलो. प्रवाशांच्या सीट काढल्या, खाली प्लाय टाकला. मागे पलंग, त्याखाली खण. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला कपाटं. प्रवाशांचं दार डाव्या अंगाला मधोमध होतं ते तसंच ठेवलं, पायऱ्या तेवढ्या नव्या केल्या. दारासमोरच्या खिडकीपाशी बसच्याच दोन जुन्या सीट समोरासमोर बसवल्या आणि मधे टेबल. काम झालं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. दोघं राहायला आले.

आणि सासरे जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, हौस आहे. आठवडा झाला तरी हौस फिटेना. सकाळचा चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकीही स्टिअरिंगवर डोकं टेकून. एकदा डोकं घसरून हॉर्नवर पडलं आणि अख्खी गल्ली दाराबाहेर आली. जेवायला हाक मारली की ते वर आरशात बघत आणि हात मागे करत, ताट दे म्हणून. बस जागची हलत नव्हती, चाकांखाली दगड लावलेले, आणि हे पाय ब्रेकवर ठेवून बसलेले.

एका संध्याकाळी माझ्या बायकोने वडिलांना फोन लावला. कुठे आहात? गाडीवर. मग तिने आईला फोन लावला. तू कुठे आहेस? घरी. बायको घाबरली. तिला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलं आणि कुणीतरी कुठेतरी निघून गेलं. ती धावत वर्कशॉपवर आली. दोघं त्याच बसमध्ये होते, हाकेच्याही नाही, कुजबुजीच्या अंतरावर. आणि दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याकडे आल्या. मी कपाटाला पॉलिश करत होतो. त्यांनी पॉलिशला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“जावईबापू, मला तिथे भिंत घालून द्या,” त्या म्हणाल्या. “दारासकट. गाडी कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं, हे या माणसाला कळलं पाहिजे. मला नवरा हवाय. ड्रायव्हर मी पुष्कळ सांभाळला.”

मी म्हटलं, भिंत घालतो, पण घालूनही ते उठले नाहीत तर? त्यावर त्यांनी सांगितलं की मग त्या आमच्याकडे राहायला येतील, सासऱ्यांनी आणि त्यांच्या गाडीने खुशाल कुठेही जावं. पलंगाखाली त्यांची बॅग अजून उघडलेली नाही, हेही सांगितलं. हे सगळं हसत सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या माझी हत्यारं लहानमोठी लावत बसल्या. सासूबाईंवर माझा जीव आहे. पण आमचं घर दीड खोलीचं, आणि त्या हत्यारं नीट लावतात तेव्हा मला आठवडाभर एकही सापडत नाही. म्हणजे या भिंतीत माझाही स्वार्थ होताच.

तशी भिंतीला कारणंही होती. या बसचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, मोठ्या झाकणाखाली. गाडी सुरू केली की गरम हवा, डिझेलचा वास आणि घरघर सगळी घरात. अंधार पडल्यावर घरातला दिवा लावला की तो समोरच्या काचेत दिसे, आणि मग बाहेरचं दिसायचं सोडून सासऱ्यांना काचेत आपला ओटा दिसायचा. हे मी त्यांना पटवायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भिंत घातली तर आरशात काय बघू?

मग मी जे घोळ घातले ते ऐका. आधी म्हटलं, पडद्यावर भागवू. सासूबाईंनी जाड कापडाचा पडदा स्वतः शिवला. त्या तो ओढत, सासरे तो सरकवत, दिवसभर कड्यांची खळखळ. इंजिन सुरू केलं की वाऱ्याने फुगून तो सासऱ्यांच्या डोक्यावर बसे. पडदा काढला. मग अर्धी भिंत केली, सीटच्या पाठीएवढी. सासऱ्यांना ती फारच आवडली. सीटवर उलटं बसून त्यांनी तिच्यावर कोपर टेकलं आणि एक चहा मागितला. दुपारी आणखी एक. संध्याकाळी सासूबाईंनी मला बोलावून विचारलं की तुम्ही मला घर करून दिलंय की टपरी? ती भिंत काढली. मग काच लावली. दोघांचं मन राखायचं म्हणून मोठ्या हुशारीने लावली. सासरे आरशातून खूश, सासूबाई म्हणाल्या की आपण दुकानात मांडलेल्या बाहुलीसारख्या दिसतो. काचही गेली. एवढ्या वेळा ती जागा मी मोजली की डोळे मिटूनही माप सांगितलं असतं.

पूर्ण भिंतीचं माप घ्यायला गेलो तेव्हा सासरे अर्थातच सीटवर होते. मी इंजिनाच्या झाकणावर बसलो. समोरच्या काचेपलीकडे माझ्या वर्कशॉपची भिंत होती. मग मी विचारलं, “बाबा, तिकडे बसायला काय होतं तुम्हाला?”

त्यांनी वर आरशात बघितलं. मागे सासूबाई मशीनवर होत्या.

“इथे बसलं की कळतं काय करायचं,” ते म्हणाले. “तिथे कळत नाही. तिचं सगळं जागच्या जागी असतं. मी कुठेही बसलो तरी आधी तिला काहीतरी उचलावं लागतं. त्या खोल्यांमध्येही तसंच होतं. मी उभ्यानेच प्रवास केला म्हण.” मग आरशाकडे बोट करून, “इथून ती दिसते तरी. पूर्वी आरशात सगळं जग दिसायचं, ती सोडून.”

सासऱ्यांना एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी टेप गुंडाळला आणि खाली उतरलो.

हे कुणाला सांगू नका असं ते म्हणाले नव्हते, म्हणून मी बायकोला सांगितलं. बायकोने आईला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी टेबलापाशी दोनपैकी एका सीटवर नेहमी असायचा तो कापडांचा ढीग गायब होता. सीटवर नवी उशी होती. मी त्या सीटवर टेकायला गेलो तर सासूबाईंनी मला उठवलं आणि पलंगावर बसा म्हणाल्या. आणि गंमत बघा, त्याच दिवशी मी भिंत उभी करायला घेतली. ज्याच्यासाठी ती जागा मोकळी झाली होती, त्याला ती दिसू नये याची सोय मी माझ्या हाताने करत होतो.

भिंत झकास झाली. लोखंडी चौकोनी नळ्यांची चौकट, तिला दोन्ही बाजूंनी प्लाय, मधे आवाज रोखायला थर्माकोल. उजवीकडे दार, घराच्या बाजूला उघडणारं. मी घरांचा सुतार. भिंत म्हटली की माझा हात आपोआप ओळंब्याकडे जातो. ओळंबा सोडून मी चौकट केसाएवढीही न चुकता उभी केली. दार इतकं नेमकं बसवलं की फटीतून कागद जाऊ नये. सासूबाई दार उघडझाप करून बघत होत्या आणि माझं कौतुक करत होत्या. कडी कुठल्या बाजूला लावू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कडी नको. नवऱ्याला कधीही येता आलं पाहिजे. सासरे पलीकडे होते. आरशात आता फक्त माझा प्लाय दिसत होता, आणि ते त्याच्याकडे बघत होते.

चूक माझ्या लक्षात आली ती बस बाहेर काढल्यावर. वर्कशॉपशेजारची जागा उताराची आहे. बस महिनोन्‌महिने तिरकी उभी होती आणि मी तिच्यात भिंत उभी केली ती ओळंब्याने, म्हणजे लोंबत्या दोरीला सरळ. ओळंब्याला काय कळतंय की बस वाकडी आहे? तिथे गुण्या लावायला हवा होता, बसच्या तळाला काटकोनात. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला आठवडाभर ऐकवलं असतं. सपाट रस्त्यावर आल्यावर बस सरळ झाली आणि माझी भिंत वाकडी.

पहिलीच सैर होती. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं, तिथे जेवायचं, परत यायचं. बायको कामावर होती. सासूबाई घरात, मी आणि सासरे पुढे. सासरे खुशीत होते, कितीतरी दिवसांनी चाकं फिरत होती. गाडी निघाली आणि भिंतीतलं दार आपोआप उघडलं. पहिल्या सिग्नलला ब्रेक लागला आणि ते धाडकन बंद झालं. सिग्नल सुटला, उघडलं. पुढच्या चौकात, धाड. बिजागऱ्या कलत्या झाल्यामुळे दार गाडीच्या तालावर झुलत होतं. उघडं असलं की सासूबाईंचं अर्धं वाक्य ऐकू येई, बंद झालं की उरलेलं अर्धं त्या आतच संपवत. गाडी चालू असताना दोघांची भेट आणि थांबली की ताटातूट, असा तो कारभार. मला सांगितलं होतं ते बरोबर याच्या उलट.

शहर संपलं आणि खड्ड्यांचा रस्ता लागला. घर जागचं हलत नाही, म्हणून घराच्या दाराला फट कमी चालते. बस मात्र खड्ड्यात गेली की पिळवटते, एक कोपरा वर, एक खाली. माझी चौकट करकरायला लागली. सासरे सावकाशहून सावकाश चालवत होते, तरी तळ्यापाशी वळताना मागचं चाक एका मोठ्या खड्ड्यात गेलं, त्यांनी ब्रेक दाबला, दार आपटलं, आणि या वेळी त्याचा आवाज वेगळा आला. बूच बसल्यासारखा.

गाडी थांबली. दार उघडेना. मी खांदा लावला, पाय लावला. पलीकडून सासूबाई ओढत होत्या. माझी हत्यारांची पिशवी त्यांच्या बाजूला. “जोर लावू नका, तुमचं काम आहे, तुटायचं नाही,” असं त्या पलीकडून म्हणाल्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. दिवस कलला होता, तळ्यावर कुणी नव्हतं.

“राहू दे,” सासरे मला म्हणाले. “मी बसतो इथेच.”

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण माझ्या त्या भिंतीतून तो पलीकडे गेला. सासूबाईंनी दार ओढणं सोडलं. मग पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग चेन सरकल्याचा. बॅगेची चेन. कपाटं उघडमिट व्हायला लागली. आणि सासूबाई, ज्यांचं बोलणं मशीनच्या आवाजालाही पुरून उरे, त्या बोलत नव्हत्या. बऱ्याच वेळाने एकच वाक्य आलं.

“जावईबापू, परत जाताना मला तुमच्या घरी सोडा.”

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते वर आरशात बघत होते. आरशात प्लाय. ते बघतच राहिले.

“काय करतेय ती?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, मला कसं दिसणार? आणि मग, जावई असूनही, मी जरा तडकूनच म्हणालो, “खिडकीपाशी तुमच्यासाठी जागा केलीय त्यांनी. कधीपासून मोकळी आहे. मला बसू देत नाहीत तिथे.”

सासऱ्यांचे हात स्टिअरिंगवर होते. ते त्यांनी काढले आणि मांडीवर ठेवले. मांडीवरही त्यांना जागा सापडेना. मग त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरले. मी मनात म्हटलं, झालं, निघाले चाकं तपासायला. आणि खरंच पुढच्या चाकाला लाथ मारल्याचा आवाज आला. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की हातात रंधा असता तर फेकून मारला असता.

दुसऱ्या चाकाचा आवाज आला नाही.

मी त्यांच्या सीटवर सरकलो आणि बाहेर बघितलं. ते पुढून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले होते. डावीकडच्या आरशात मला ते पाठमोरे दिसले, बसच्या पत्र्याला एका हाताने धरत धरत चाललेले, वाटेतलं चाक जणू तिथे नाहीच असे. प्रवाशांच्या दारापाशी ते थांबले. इतकी वर्षं त्यांनी त्या दारातून माणसं आत घेतली आणि खाली सोडली. स्वतः त्यातून चढलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी शर्ट नीट खोचला. केसांवरून हात फिरवला, जे थोडे उरलेत त्यांवरून. दार उघडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग आपल्याच बसच्या पत्र्यावर त्यांनी टकटक केलं, हळूच, अनोळखी घर असल्यासारखं.

आत कपाटांचा आवाज थांबला.

दार उघडायला वेळ लागला. मला वाटतं, आत सासूबाईही केस सारखे करत असाव्यात. दार उघडलं, आणि आरशात मला त्यांचा फक्त हात दिसला, दाराच्या कडेला धरलेला. सासरे खालीच उभे होते, मान वर करून. पण या वेळी ते कुठल्याही आरशात बघत नव्हते.

“किती उशीर केलात,” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” सासरे म्हणाले. “झाला खरा.”

आणि पायरीशी चपला काढून ते वर गेले.